घड्याळप्रेमींचं गेट टुगेदर : लोक दुसऱ्यांदा का येतील याचा विचार आधी करा

नाशिकहून एकांनी विचारलंय की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घड्याळांचे शौकीन ४० जण आहेत, रोज मनगटाचे फोटो पडतात, पण भेटायचं ठरवलं की १५ जण "नक्की येतो" म्हणतात आणि ४ येतात, दुसऱ्या वेळी तर कॅन्सलच करावं लागलं. मग जागा कुठली घ्यावी, किती जणांना बोलवावं, महाग घड्याळं आणणाऱ्यांच्या सुरक्षेचं काय आणि तिथे खरेदी-विक्री होऊ द्यावी का, असे त्यांचे प्रश्न आहेत. पुण्यात आमचा एक छोटा कट्टा बरीच वर्षं चालू आहे आणि जमवाजमवीचं काम बहुतेक वेळा माझ्याकडेच असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही विचारलेल्या चारही गोष्टी सुटतात, त्यात अवघड असं फार नाही. खरी अडचण ही आहे की माणसाने रविवारची सकाळ मोडून, घरच्यांना सांगून, दुसऱ्यांदा का यावं? फोटो तर त्याला घरबसल्या दिसतात. त्यामुळे भेटीत फोटोत न मिळणारं काहीतरी मिळायला हवं. घड्याळ हातात घेतल्यावर कळणारं वजन, कानाला लावल्यावर येणारा आवाज, चावी देताना बोटाला जाणवणारी धार, आणि ते त्या माणसाकडे कसं आलं ही गोष्ट. शिवाय आपलं घड्याळ टेबलावर ठेवल्यावर कोणी किंमत करणार नाही याची खात्री पाहिजे. या दोन गोष्टी जमल्या की जागा साधी असली तरी लोक येतात, आणि नाही जमल्या तर फाइव्ह स्टार हॉटेलात बोलवलं तरी पहिल्यांदा येऊन गेलेले परत फिरकत नाहीत.

बऱ्याच गोष्टी गावावर अवलंबून आहेत हे आधीच सांगतो. मुंबईत अंतर हाच मोठा प्रश्न, विरारचा आणि पनवेलचा माणूस एकत्र आणायचा तर दादरसारखं मधलं स्टेशन धरावं लागतं आणि लोकलच्या गर्दीत चांगलं घड्याळ घालून यायला लोक कचरतात. पुण्यात पार्किंग मिळालं की निम्मं काम झालं. नाशिकमध्ये अंतराचा त्रास कमी पण ओळखी जास्त, कोणाकडे काय आहे हे आठवड्यात सगळीकडे पसरू शकतं, त्यामुळे तुमच्याकडे गुप्ततेचा भाग जास्त सांभाळावा लागेल. आणि तुमच्या ग्रुपमधले लोक काय जमवतात त्यावरही आहे, सगळे नवीन स्विस वाले असतील तर भेट वेगळी होते, जुनी एचएमटी जमवणारे असतील तर वेगळी. मी जे लिहितोय ते मिश्र लोकांच्या कट्ट्याच्या अनुभवावरून.

आता पहिली गोष्ट, ४० जणांच्या ग्रुपवर पोल टाकून भेट ठरवू नका. पोलमध्ये "येतो" दाबायला काही लागत नाही, म्हणून ते १५ चे ४ होतात. त्याऐवजी आलेल्या त्या ४ जणांना धरा, तेच तुमचं भांडवल. त्या चौघांशी फोनवर बोला, प्रत्येकाला सांगा की ओळखीचा आणि भरवशाचा एक माणूस आण, झाले ८. एका टेबलाभोवती ८ ते १० जण ही सगळ्यात चांगली संख्या, सगळ्यांचं बोलणं सगळ्यांना ऐकू जातं. १२ च्या वर गेलं की दोन-तीन घोळके होतात आणि नवीन आलेला माणूस कोपऱ्यात फोन बघत बसतो. दिवस कायमचा ठरवून टाका, समजा महिन्याचा दुसरा रविवार, सकाळी १० ते १२, आणि तिघेच आले तरी तो दिवस सोडायचा नाही. दर वेळी तारीख विचारत बसलं की दर वेळी कोणाचं तरी लग्न निघतंच. फक्त गणपती आणि दिवाळीच्या महिन्यात सुट्टी द्या, आणि जुलै-ऑगस्टात लोक कमी येणार हे धरून चाला, कारण जुनं घड्याळ पावसात घेऊन कोणी निघत नाही आणि निघूही नये, ४०-५० वर्षांपूर्वीच्या गॅस्केटवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी रिंगवर, कसला भरवसा.

दुसरी गोष्ट, प्रत्येक भेटीला विषय हवा. नुसतं "घड्याळं घेऊन या" म्हटलं की लोक आपलं सगळ्यात महाग घड्याळ आणतात, ज्याच्याकडे तसं नाही तो येत नाही, आणि तिसऱ्या भेटीत तीच घड्याळं परत दिसतात. विषय असा घ्या की ज्यात किमतीला महत्त्वच उरत नाही. नाशिकसाठी तर मला एक विषय लगेच सुचतो, नोकरीत मिळालेलं घड्याळ. एके काळी २५ वर्षं सर्व्हिस झाली की कंपनी स्वतःचा लोगो डायलवर छापलेलं घड्याळ द्यायची, तुमच्याकडे ओझरचं एचएएल आहे, नाशिकरोडचे प्रेस आहेत, सातपूर-अंबडची एमआयडीसी आहे, किती घरांत कपाटात अशी घड्याळं पडून असतील बघा. लग्नात जावयाला मिळालेलं घड्याळ हाही तसाच विषय. आईचं किंवा आजीचं घड्याळ हा विषय ठेवलात तर जे कधीच येत नव्हते तेही येतात, एचएमटीने अगदी सुरुवातीला पुरुषांच्या घड्याळाबरोबर बायकांसाठी सुजाता नावाचं मॉडेल काढलं होतं, पण जमवणाऱ्यांमध्ये लेडीज घड्याळांबद्दल फार कमी बोललं जातं, त्यांच्या आतलं छोटं मशीन बघण्यासारखं असतं. मुंबईतल्या जुन्या दुकानांशी जोडलेली घड्याळं हा आणखी एक भरपूर माल असलेला विषय, फाव्र ल्युबा ही घड्याळ कंपनी १८६५ पासून मुंबईत होती, वेस्ट एंड ही दुसरी १८८६ पासून, आणि त्यांची घड्याळं आजही जुन्या घरांतून निघतात.

पण पहिली भेट मी तुम्हाला एचएमटीवरच घ्यायला सांगेन. कारण प्रत्येकाकडे एक असतंच, नसलं तर काकाकडे असतं. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ ला बंगलोरला कारखाना सुरू झाला, पुढे तुमकूर, श्रीनगर, राणीबाग असे कारखाने झाले, आणि जानेवारी २०१६ मध्ये सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. बंद होणार म्हटल्यावर मागणी वाढली आणि मागणीबरोबर रिडायल केलेला मालही बाजारात भरपूर आला, म्हणजे जुनं मशीन, पॉलिश मारलेली केस (घड्याळाची बाहेरची धातूची चौकट) आणि वर नवीन छापलेली डायल. हे ओळखायला शिकणं हाच लोकांचा पहिला फायदा.

आमच्याकडे एका भेटीत एचएमटीच्या जनता मॉडेलची दोन घड्याळं शेजारी शेजारी ठेवली होती. एक एकाच्या वडिलांची, बँकेत नोकरीला लागल्यावर घेतलेली, डायल पिवळसर पडलेली, काचेवर ओरखडे. दुसरी ऑनलाइन घेतलेली, एकदम चकचकीत, विकणाऱ्याने "जुना न वापरलेला स्टॉक" म्हणून दिलेली. दहापट मोठं दाखवणारा आयग्लास, म्हणजे डोळ्याला लावायचं भिंग, दोन्हीवर फिरवला. वडिलांच्या घड्याळावर छपाईच्या कडा सुरीसारख्या साफ, मिनिटांची प्रत्येक रेघ तासाच्या खुणेशी बरोबर जुळलेली. दुसऱ्यावर लोगोची शाई फुगलेली, ६ च्या खालची बारीक अक्षरं एकमेकांना चिकटलेली आणि रेघा ७ पाशी खुणेपासून सरकत गेलेल्या. ज्याचं होतं त्याने स्वतःच बघितलं, कोणी काही बोलायची गरजच पडली नाही. थोडा हिरमुसला बिचारा. मग दुसऱ्या एकाने मशीन ऐकलं, ते छान चालत होतं, आणि त्याला सांगितलं की मशीन तर अस्सल आहे, जुनी डायल सुटी मिळते, सावकाश शोधू. पुढच्या भेटीला तो आला, आणि आता नवीन माणसाला रिडायल कसं ओळखायचं हे तोच दाखवतो. हे फोटोवरून झालं असतं तर ग्रुपवर सरळ "फेक आहे" असं लिहिलं गेलं असतं आणि तो माणूस कायमचा गेला असता.

जागेबद्दल. घर नको, निदान पहिलं वर्षभर तरी नको, घरच्यांवर ताण येतो आणि तुमच्याकडे काय आहे हे पत्त्यासकट सगळ्यांना कळतं. हॉल भाड्याने घेण्याइतके लोक नसतात. सकाळी रिकामं असणारं साधं कॅफे बघा, तुमच्याकडे कॉलेज रोड किंवा गंगापूर रोडला मिळेल. तिथे जाऊन तीन गोष्टी तपासा, एक मोठं टेबल, त्यावर खिडकीचा उजेड, आणि गाणी बंद किंवा हळू करायची मालकाची तयारी. मंद पिवळ्या लाइटवाली जागा घेऊ नका, तिथे डायल दिसत नाही. मालकाशी आधी मोकळं बोला की आम्ही १० जण दोन तास बसू, एवढी एवढी ऑर्डर नक्की देऊ. बिल टीटीएमएम, ज्याचं त्याने द्यायचं. वर्गणी, फंड, खजिनदार यातलं काहीही सुरू करू नका, पैसे आले की हिशेब आला आणि हिशेब आला की रुसवे आले.

आता टेबलावरचे नियम, यात मी कडक आहे. चहा-कॉफी वेगळ्या टेबलावर, घड्याळांच्या टेबलावर मऊ कापड आणि फक्त घड्याळं. दुसऱ्याच्या घड्याळाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हातात घेतल्यावर टेबलाच्या वरच धरायचं, खाली फरशी येईल असं नाही. अंगठ्या आणि कडी काढून ठेवायची, पॉलिश केलेल्या केसवर ओरखडा पडायला एक क्षण पुरतो. फोन कापडावर नको, फ्लिप कव्हरमध्ये चुंबक असतं, हेअरस्प्रिंगला, म्हणजे मशीनमधल्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला, चुंबकत्व लागलं की तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ दिवसाला काही मिनिटं पुढे पळायला लागतं, मग मालकाला वाटतं मशीनच बिघडलं.

आणि दुसऱ्याच्या घड्याळाची तारीख कोणीही बदलायची नाही. हे मुद्दाम सांगतो कारण नवीन माणूस प्रेमाने हेच करायला जातो. बऱ्याच मेकॅनिकल घड्याळांत साधारण रात्री ९ ते पहाटे ३ या वेळात तारखेचे दाते गुंतलेले असतात, त्या वेळात क्विकसेटने, म्हणजे काटे न फिरवता चावीने थेट, तारीख फिरवली तर दाता तुटू शकतो. तुम्ही म्हणाल भेट तर सकाळी १० ला आहे, पण टेबलावरचं घड्याळ कधीतरी बंद पडलेलं असतं आणि त्याचे काटे १० वर असले तरी ते रात्रीचे १० आहेत की सकाळचे हे डायल बघून कळत नाही. मालकालाच तारीख लावायची असेल तर आधी काटे साडेसहापाशी आणायचे, तारीख लावायची, मग वेळ लावायची.

झाकण उघडणं हा वेगळा विषय. मशीन बघायची हौस सगळ्यांनाच असते, मलाही आहे, पण कॅफेच्या टेबलावर धूळ असते, पंखा असतो, म्हणून आम्ही तिथे उघडत नाही. त्यात जुन्या घड्याळांच्या काट्यांवर आणि आकड्यांवर रेडियम, म्हणजे अंधारात चमकण्यासाठी लावलेला किरणोत्सर्गी पदार्थ, असू शकतं, १९६० च्या दशकापर्यंत ते सर्रास वापरलं जायचं, आणि त्याचा रंग सुकून त्याची भुकटी होते. बंद घड्याळ मनगटावर घालणं वेगळं आणि ते उघडून जिथे लोक खातायत तिथे ठेवणं वेगळं. झाकण उघडायची हौस असेल तर वर्षातून एक-दोनदा एखाद्या जुन्या घड्याळवाल्या काकांच्या दुकानात त्यांच्या सोयीने जा. प्रत्येक गावात असे एक-दोन काका अजून आहेत, ४० वर्षं आयग्लास डोळ्याला लावून बसलेले, त्यांना मानाने बोलवा, त्यांच्या वेळेचे पैसे द्या, फुकट ज्ञान मागू नका. ग्रुपमध्ये कोणाकडे टाइमग्राफर, म्हणजे ठोके ऐकून घड्याळाची चाल मोजणारं यंत्र, असेल तर तो मात्र कॅफेतही चालतो, घड्याळ न उघडता त्याच्या माइकवर ठेवायचं आणि आलेख बघायचा. एचएमटीचं साधं चावीचं मशीन तासाला १८,००० ठोके देतं म्हणजे सेकंदाला ५, जुन्या जपानी सेको ५ घड्याळातलं ७एस२६ मशीन २१,६०० म्हणजे ६, आणि आजची बरीच स्विस मशीन २८,८०० म्हणजे ८. हे आधी कानाने ऐकायला लावा आणि मग टाइमग्राफरवर दाखवा, अ‍ॅम्प्लिट्यूड, म्हणजे मशीनमधलं झुलणारं चाक किती अंश फिरतं तो आकडा, आडव्या ठेवलेल्या घड्याळाला २५० अंशांच्या वर आला तर जुन्या एचएमटीची तब्येत चांगली समजा. एवढ्यावर दोन तास कमी पडतात.

सुरक्षेचं. महाग घड्याळ आणलंच पाहिजे असं वातावरण ठेवलं नाही तर अर्धी काळजी आपोआप जाते. बाकी अर्धीसाठी आम्ही काय करतो ते सांगतो. मोठ्या ग्रुपवर फक्त "या रविवारी भेट आहे" एवढंच जातं, जागा ज्यांनी येणं पक्कं केलंय त्यांनाच वेगळी कळवायची. नवीन माणूस कोणाच्या तरी ओळखीने येतो, आणि भेटीच्या आधी आमच्यापैकी एकजण त्याच्याबरोबर चहा पिऊन येतो. भेट चालू असताना काहीही पोस्ट करायचं नाही, फोटो रात्री घरी गेल्यावर टाकायचे, तेही मालकाला विचारून, चेहरा, गाडीचा नंबर, घड्याळाचा सिरियल नंबर आणि लोकेशन त्यात नको. किंमत विचारायची नाही, ज्याला सांगायचं तो स्वतः सांगतो. प्रत्येकाने आपापल्या घड्याळांचे सिरियल नंबर, फोटो आणि बिलं घरी नीट ठेवावीत, वेळ आली तर पोलिसांत तक्रार देताना आणि विम्यासाठी तेच कामाला येतं. घराचा विमा असेल तर घराबाहेर नेलेली वस्तू त्यात बसते का हे पॉलिसी वाचून बघा, प्रत्येक पॉलिसीत ती बसतेच असं नाही.

थोडक्यात इथपर्यंत असं, आधीचे ४ जण धरून ८ करा, दिवस पक्का, विषय पक्का, उजेडाचं टेबल, टीटीएमएम, आणि जागेचा पत्ता मोजक्यांना.

खरेदी-विक्रीवर लोकांची मतं वेगळी आहेत. काही शहरांत भेटीतच व्यवहार होतात आणि त्यांचं चाललंय. माझं मत स्पष्ट आहे, टेबलावर विक्री नको. एकदा विक्री सुरू झाली की जो माणूस आपल्या घड्याळाबद्दल बोलतोय तो आवडीने बोलतोय की गिऱ्हाईक शोधतोय हे कळेनासं होतं, आणि समोरच्याच्या घड्याळातला दोष दाखवणं म्हणजे त्याचा सौदा मोडणं होतं, मग खरं कोणी बोलत नाही. वर सांगितलेला रिडायलचा प्रसंग विक्रीच्या टेबलावर घडलाच नसता. दोघांना आपसात काही द्यायचं-घ्यायचं असेल तर भेट संपल्यावर, त्यांचं त्यांनी, ग्रुपची जबाबदारी नाही हे आधीच सांगून ठेवायचं. जुनी घड्याळं विकण्याचा धंदा करणारा माणूस यायला माझी हरकत नाही, अशा लोकांना माहिती खूप असते, फक्त त्याने पहिल्यांदाच सांगावं की मी विकतो.

फर्स्ट कॉपी, म्हणजे ब्रँडेड घड्याळाची नक्कल, टेबलावर नको, यात मी तडजोड करत नाही. पण जो घेऊन आला त्याला सगळ्यांसमोर काही बोलायचं नाही, बाजूला घेऊन सांगायचं की हे खिशात ठेव आणि पुढच्या वेळी दुसरं काहीही आण, दोनशे रुपयांचं डिजिटल आणलंस तरी चालेल. बऱ्याचदा त्याला कोणीतरी खरं म्हणून विकलेलं असतं. वेगवेगळ्या घड्याळांचे सुटे भाग जोडून केलेलं घड्याळ असेल आणि मालक तसं सांगत असेल तर ते जरूर ठेवा, त्यातून सगळेच शिकतात.

एक पद्धत आमच्याकडे फार उपयोगी पडली आहे, ती तुम्हीही लावा. सुरुवात नेहमी सगळ्यात नवीन किंवा सगळ्यात तरुण माणसाने करायची आणि सगळ्यात मोठ्या संग्राहकाने शेवटी. कॉलेजचा मुलगा आजोबांचं बंद पडलेलं घड्याळ घेऊन आला असेल तर पहिली १० मिनिटं त्याची. मोठ्या संग्राहकाने आधी आपली पेटी उघडली की नंतर कोणी तोंड उघडत नाही. शेवटी उघडली तर सगळे मोकळे झालेले असतात, आणि त्यालाही जास्त बरं वाटतं कारण तोपर्यंत समोरच्यांना काय बघायचं ते कळलेलं असतं.

शोरूमवाले किंवा एखादा ब्रँड चहा-नाश्त्याचा खर्च करतो म्हणून पुढे येईल. दोन-तीन वर्षांनी, गट पक्का झाल्यावर, एखाद्या वेळी त्यांच्याकडे नवीन मॉडेल बघायला जायला हरकत नाही, पण पहिल्या वर्षात नको, लोकांना वाटतं आपल्याला गिऱ्हाईक म्हणून बोलावलंय. बाहेरच्या मोठ्या क्लबशी जोडून घ्यायची घाईही नको. न्यूयॉर्कचा रेडबार हा घड्याळप्रेमींचा क्लब २००७ मध्ये दोन मित्रांनी एका बारमध्ये बसून सुरू केला आणि आज त्याच्या शाखा जगभर आहेत, पण आधी गप्पा जमल्या आणि नाव नंतर मोठं झालं. तुमचे १२ च्या वर नियमित यायला लागले तर दोन टेबलं करा किंवा दुसरा रविवार आणि चौथा रविवार असे दोन गट करा.

आता तुम्ही लगेच काय करायचं, तर ४० जणांच्या ग्रुपवर काही टाकू नका. त्या चौघांना वेगवेगळा मेसेज करा, साधारण असा : "येत्या महिन्यात दुसऱ्या रविवारी १० ते १२ भेटतोय, ८ जणच असू. विषय एचएमटी, घरातलं कुठलंही, बंद असलं तरी चालेल, आणि ते कोणाचं होतं हे घरी विचारून या. विक्री नाही, किमतीची चर्चा नाही. भरवशाचा एक माणूस बरोबर आणा, त्याचं नाव बुधवारपर्यंत कळवा, जागा शनिवारी सांगतो." आयग्लास, मऊ कापड आणि एक छोटी टॉर्च तुम्ही घेऊन जा, आणि ९:४५ लाच जाऊन खिडकीजवळचं टेबल धरा.